घरच्या इंटरनेटचे बिल वापरलेल्या डेटावर आकारणे कितपत रास्त आहे?

प्रश्न : उत्तरायण

आमच्या सेवा-पुरवठादाराने घरगुती ग्राहकांना नुकतेच असे कळवले आहे की, पुढील बिलापासून दरमहा ठरावीक जीबींपर्यंतचाच वापर मूळ शुल्कात धरला जाईल आणि त्यापुढे जेवढा डेटा वापरला जाईल तेवढे जादा पैसे भरावे लागतील. या बदलाचे कारणही सूचनेत दिलेले आहे. मोजके ग्राहक अतोनात वापर करतात, त्यांच्यामुळे इतरांच्या जोडणीवर ताण येतो, आणि विजेचे बिल जसे युनिटांवर येते तसे इंटरनेटचेही यावे हेच न्यायाचे होईल, असे त्यात म्हटले आहे.

वरकरणी हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पण मला तो पुरता उलगडलेला नाही. वीज वापरली की कुठेतरी कोळसा जळतो किंवा धरणाचे पाणी टर्बाइनमधून जाते. मी घरी एखादा चित्रपट पाहिला तर पुरवठादाराकडचे नेमके काय संपते? शिवाय वेगासाठी मी आधीच वेगळे पैसे मोजत आहे. जोडणी १०० एमबीपीएसची (म्हणजे सेकंदाला १० कोटी बिट; ८ बिटांचा एक बाइट) असेल आणि मर्यादा १ टीबीची (म्हणजे १००० जीबींची) असेल, तर पूर्ण वेगाने ती सुमारे २२ तासांत संपते, आणि महिन्यात तास असतात ७२०. मग मला विकलेली वस्तू वेग आहे की डेटाचा साठा? आणि साठाच विकायचा असेल, तर त्याचे मोजमाप बरोबर आहे हे मी कसे पडताळून पाहू? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. सूचनेला लेखी उत्तर देण्याचा माझा विचार आहे.

प्रतिसाद १ : तारयंत्र

मी बरीच वर्षे नेटवर्क चालवणाऱ्यांच्या बाजूने काम केले आहे, त्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे खर्च नेमका कशाचा होतो याचे, उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

घरोघरी इंटरनेट पोहोचवण्याचा बहुतांश खर्च हा जमीन खणणे, खांबांचे भाडे, केबल, दोन्ही टोकांची यंत्रे, दुरुस्तीची माणसे आणि ग्राहकसेवा यांवर होतो. आपण महिनाभर काही पाहिले नाही तरी हा खर्च टळत नाही, आणि रोज रात्री चित्रपट पाहिले तरी तो वाढत नाही. फायबरच्या टोकाचे यंत्र रिकामे असो वा भरलेले, जवळजवळ तेवढीच वीज घेते. त्यामुळे एक जीबी जास्त वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च नगण्य असतो, आणि विजेची तुलना इथेच तुटते.

तरीही वापरामुळे खर्च वाढतच नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. तो वाढतो, पण एकाच मार्गाने: गर्दीच्या वेळेमुळे. घरगुती फायबरच्या जीपॉन पद्धतीत एका तारेवर साधारण २.५ जीबीपीएस क्षमता असते आणि ती बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ओढ लावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ७८ एमबीपीएस येतील. तरीही प्रत्येकाला त्याहून अधिक वेग विकता येतो, कारण सगळे एकाच क्षणी ओढ लावत नाहीत, आणि यात गैर काहीच नाही. मात्र संध्याकाळच्या दोन-तीन तासांत ही क्षमता अपुरी पडू लागली की घरे विभागावी लागतात, यंत्रे बदलावी लागतात, पुढची जोडणी रुंद करावी लागते. खरा वाढीव खर्च तो हाच, आणि तो ठरतो त्या शिगेच्या वेळेला किती प्रवाह आहे यावर.

आता हिशोब पाहा. १ एमबीपीएसचा प्रवाह तीस दिवस अखंड चालू राहिला तर ३२४ जीबी होतात. दुसऱ्या एका घरी रोज संध्याकाळी गर्दीच्याच वेळी, सुमारे ५८ मिनिटे, २५ एमबीपीएसने उच्च दर्जाचा चित्रपट पाहिला जातो. त्यांचेही महिन्याचे ३२४ जीबीच्या आसपासच भरतात. मीटरच्या दृष्टीने ही दोन घरे सारखी आहेत आणि दोघांनाही सारखेच जादा शुल्क लागेल. नेटवर्कच्या दृष्टीने मात्र दुसऱ्या घराचा शिगेच्या वेळचा भार पहिल्याच्या पंचवीसपट आहे. आणि कोणी पहाटे तीन वाजता एखाद्या खेळाची शंभर जीबींची फाइल उतरवून घेतली, तर त्याने कोणाचेही काही बिघडवलेले नसते, तरी त्याचे मीटर मात्र भराभर फिरते. महिन्याच्या एकूण जीबींवर दर लावणे म्हणजे ज्या गोष्टीमुळे खर्च होतो ती सोडून भलत्याच गोष्टीचे मोजमाप करणे होय. माझा मूळ आक्षेप हा आहे.

पुरवठादार स्वतः घाऊक बाजारात क्षमता विकत घेतात तेव्हा त्यांना हे पक्के ठाऊक असते. त्या व्यवहारात सामान्यतः दर पाच मिनिटांनी प्रवाहाची नोंद होते, महिनाअखेर नोंदी उतरत्या क्रमाने मांडल्या जातात, वरच्या पाच टक्के सोडून दिल्या जातात आणि त्याखालची जी नोंद येते तिच्यावर बिल निघते. पाच टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यातले ३६ तास. म्हणजे घाऊक बिल एमबीपीएसवर बेतलेले असते आणि त्यात अधूनमधून येणारी उसळी माफ असते. तोच पुरवठादार किरकोळ ग्राहकाला जीबींवर बिल लावतो, तेव्हा त्या बिलाचा त्याच्या स्वतःच्या खर्चाशी फारसा मेळ राहत नाही. त्यातही व्हिडिओचा मोठा वाटा आता बाहेरून येतच नाही. नेटफ्लिक्सने २०१२ पासून आपले साठवण-सर्व्हर पुरवठादारांच्या जाळ्यात बसवायला सुरुवात केली, आणि इतर मोठ्या कंपन्यांचीही तशीच व्यवस्था आहे. असा चित्रपट आपल्या पुरवठादाराच्याच इमारतीतून आपल्या घरी येतो.

गर्दी आवरायची असेल, तर त्यासाठीही वेगळा आणि नेमका उपाय उपलब्ध आहे. अमेरिकेत कॉमकास्ट या कंपनीने बिटटोरंट या फाइलींच्या देवाणघेवाणीच्या पद्धतीच्या वापरात अडथळे आणल्याबद्दल २००८ मध्ये तिथल्या संपर्क आयोगाने तिला दोषी धरले. त्यानंतर कंपनीने जी पद्धत स्वीकारली ती सार्वजनिक तांत्रिक दस्तऐवजात नोंदलेली आहे. एखाद्या भागात प्रत्यक्ष गर्दी झाली असेल तेव्हाच, आणि गेल्या पंधरा मिनिटांत ज्यांचा वापर फार जास्त होता त्यांच्यापुरताच, प्रवाहाचा अग्रक्रम थोडा खाली आणायचा, आणि वापर उतरला की तो पूर्ववत करायचा. यात महिन्याचा हिशोब कुठेच येत नाही, कारण गर्दी ही मिनिटांत घडणारी गोष्ट आहे.

एक अपवाद मात्र नोंदवतो. उपग्रह-सेवा, मोबाइल मनोरे, आणि सारा प्रवाह समुद्राखालच्या महागड्या केबलवरून आणावा लागतो असे दूरचे प्रदेश यांच्या बाबतीत टंचाई खरी असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे अनेक वर्षे घरगुती जोडण्यांना कडक मर्यादा होत्या, त्यामागे हे एक मोठे कारण होते. आपली जोडणी अशा प्रकारची असेल तर माझे वरचे म्हणणे तेवढे सैल करून वाचावे.

प्रतिसाद २ : मितव्ययी

तारयंत्र यांचे तांत्रिक विवेचन मला मान्य आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मान्य नाही. आमच्या घरी इंटरनेटचा वापर ईमेल, वर्तमानपत्रे आणि आठवड्यातून काही वेळा व्हिडिओ कॉल एवढाच आहे. शेजारच्या घरात दिवसभर तीन पडद्यांवर व्हिडिओ चालू असतात आणि दोघांना बिल मात्र सारखेच येते. खर्च स्थिर आहे असे म्हटले, तरी तो स्थिर खर्च कोणी किती उचलायचा हा प्रश्न शिल्लक राहतोच. ज्याला सेवेचा अधिक उपयोग होतो त्याने त्यातला अधिक वाटा उचलावा, हे तत्त्व अन्यायाचे कसे?

आणखी एक गोष्ट. गर्दीच्या वेळेनुसार दर लावणे तात्त्विकदृष्ट्या अचूक असेलही, पण सामान्य ग्राहकाला तासागणिक बदलणारा दर समजून घेणे फार कठीण जाईल. महिन्याचे जीबी निदान समजतात तरी. अचूक पण अगम्य दरपत्रकापेक्षा ढोबळ पण समजणारे दरपत्रक बरे, असे माझे मत आहे.

प्रतिसाद ३ : दस्तऐवज

मितव्ययी यांचा मुद्दा गंभीर आहे आणि तो बाजूला सारू नये. मात्र कमी वापर करणाऱ्याला खरोखर दिलासा देणारी मर्यादा आणि जास्त वापर करणाऱ्याकडून अधिक वसूल करणारी मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आजवर व्यवहारात बहुतेक वेळा दुसरीच आलेली दिसते. यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल.

अमेरिकेत टाइम वॉर्नर केबलने २००८ मध्ये टेक्सासमधील बोमाँट येथे वापरावर आधारित बिलाचा प्रयोग केला, आणि २००९ च्या वसंतात तो रॉचेस्टर, ग्रीन्सबरो, ऑस्टिन व सॅन अँटोनियो येथे नेण्याचे जाहीर केले. ग्राहकांचा आणि लोकप्रतिनिधींचा रोष इतका वाढला की त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कंपनीला तो बेत गुंडाळावा लागला. पुढे २०१२ मध्ये तिनेच एक ऐच्छिक योजना आणली. महिन्याला ५ जीबींच्या आत राहणाऱ्याला ५ डॉलर सवलत मिळणार होती. मितव्ययी मागत आहेत ती हीच गोष्ट. पण सवलत इतकी तुटपुंजी आणि मर्यादा इतकी आखूड होती की फारच थोड्या ग्राहकांनी ती घेतली. कमी वापर करणाऱ्याचे बिल खरेच कमी व्हावे असा हेतू असता, तर मूळ शुल्क मोठ्या प्रमाणात खाली आले असते. बहुतेक मर्यादा-योजनांत मूळ शुल्क आहे तिथेच राहते आणि वरचे शुल्क तेवढे नव्याने येते. उत्तरायण यांनी आपल्या सूचनेत हे आधी तपासावे: कमी वापरासाठी बिल उतरते आहे का?

कॅनडातली घटना अधिक बोधक आहे, कारण तिथे वाद थेट नियामकाच्या दारात गेला. तिथल्या नियामकाच्या, म्हणजे सीआरटीसीच्या, जानेवारी २०११ च्या निर्णयामुळे मोठ्या कंपन्यांना आपल्या तारा भाड्याने घेणाऱ्या लहान पुरवठादारांवरही वापरानुसार शुल्क लावण्याची मुभा मिळाली. परिणामी अमर्याद सेवा देणाऱ्या लहान कंपन्यांनाही मर्यादा घालणे भाग पडणार होते. लाखो नागरिकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, सरकारनेही निर्णयाला जाहीर विरोध केला, आणि सीआरटीसीला फेरविचार करावा लागला. नोव्हेंबर २०११ मध्ये जो नवा निर्णय आला त्यात घाऊक शुल्कासाठी दोन मार्ग ठेवले गेले: सरसकट दर, किंवा लहान पुरवठादाराने आगाऊ सांगून घेतलेल्या क्षमतेवर आधारित दर. जीबी मोजण्याचा मार्ग वगळला गेला. तारयंत्र यांनी जो तांत्रिक युक्तिवाद मांडला, त्याच दिशेचा निर्णय एका नियामकाने पूर्ण सुनावणीनंतर दिलेला आहे.

गर्दीच्या कारणाबद्दल तर खुद्द उद्योगातूनच कबुली आलेली आहे. अमेरिकी केबल कंपन्यांच्या संघटनेचे तेव्हाचे प्रमुख मायकेल पॉवेल, जे पूर्वी संपर्क आयोगाचेही अध्यक्ष होते, त्यांनी जानेवारी २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले होते की मर्यादांमागचा मुख्य हेतू गर्दी आवरणे हा नाही, तर उभारणीचा मोठा स्थिर खर्च भरून काढण्याचा आहे. मितव्ययी यांचा युक्तिवादही मुळात हाच आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडला तर त्यावर चर्चा होऊ शकते. उत्तरायण यांना मिळालेल्या सूचनेत मात्र इतरांवर येणाऱ्या ताणाचे कारण पुढे केले आहे, आणि ते कारण मला स्वीकारार्ह वाटत नाही.

मार्च २०२० मध्ये या दाव्याची मोठी परीक्षा झाली. महासाथीमुळे शाळा आणि कार्यालये घरात आली, वापर अचानक वाढला, आणि नेमक्या त्याच वेळी अमेरिकेतील अनेक मोठ्या पुरवठादारांनी आपल्या मर्यादा काही महिने उठवल्या. नेटवर्क मोडून पडले नाहीत. युरोपात जिथे खरी काळजी वाटत होती तिथे नेटफ्लिक्सने युरोपीय आयोगाच्या विनंतीवरून तीस दिवसांसाठी व्हिडिओचा बिटरेट उतरवला, म्हणजे क्षणोक्षणीचा प्रवाह कमी केला. महिन्याचे जीबी मोजून कोणालाही दंड करण्याची वेळ आली नाही.

एक आर्थिक हितसंबंधही लक्षात ठेवावा. जी कंपनी घरोघरी दूरचित्रवाणीच्या वाहिन्याही विकते तिला, ग्राहकाने त्या सोडून इंटरनेटवरूनच सारे पाहावे हे परवडत नाही. कॉमकास्टने २०१५ मध्ये स्वतःची व्हिडिओ-सेवा मर्यादेच्या मोजणीतून वगळली होती, तर प्रतिस्पर्ध्यांच्या सेवा मात्र मोजल्या जात होत्या. अशी सूट आणि मर्यादा एकत्र आल्या की ग्राहकाने काय पाहावे हे हळूहळू पुरवठादारच ठरवू लागतो. भारतात ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, फेब्रुवारी २०१६ मध्ये, कोणती सामग्री पाहिली यावरून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. ती मला अत्यंत महत्त्वाची वाटते. मर्यादेला मात्र त्या नियमाने हात लावला नाही. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या निर्देशाने, मर्यादा संपल्यावर स्थिर ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेण्यास मनाई केली. जादा शुल्क लावण्यापेक्षा वेग उतरवण्याची ही पद्धत सौम्य आहे, कारण निदान बिल अनपेक्षितपणे फुगत नाही.

प्रतिसाद ४ : काटेकोर

वरील चर्चेत मोजमापाचा प्रश्न मागे पडला आहे. मला तो सर्वांत निकडीचा वाटतो, कारण शुल्क योग्य की अयोग्य हे ठरण्याआधी, शुल्क ज्या आकड्यावर लागते तो आकडा तरी खरा हवा. विजेच्या मीटरला आणि पेट्रोलपंपाच्या मापाला सरकारी तपासणी असते. घरगुती डेटा मोजणाऱ्या यंत्रणेची अशी त्रयस्थ तपासणी बहुतेक ठिकाणी होत नाही. विक्रेत्याचे माप विक्रेत्याकडेच राहते, आणि ग्राहकाला त्यावर विश्वास ठेवावा लागतो.

प्रथम जीबीची व्याख्या लेखी मागावी. १०० कोटी बाइट म्हणजे १ जीबी असा एक हिशोब आहे, आणि १०२४ च्या पटीत धरून सुमारे १०७.४ कोटी बाइट असा दुसरा. जीबीच्या पातळीवर हा फरक सुमारे ७ टक्के आहे आणि टीबीपर्यंत जाता जाता तो १० टक्क्यांच्या जवळ पोहोचतो. आपला संगणक एका हिशोबाने दाखवतो आणि पुरवठादार दुसऱ्याने मोजतो, असे सहज घडू शकते.

त्यानंतर मोजणी कोणत्या ठिकाणी होते हे विचारावे. आपण पाहतो ती सामग्री पाकिटांत भरून येते आणि प्रत्येक पाकिटावर पत्ता व क्रमांक यांचा मजकूर असतो. १५०० बाइटांच्या भरलेल्या पाकिटात साधारण ४० बाइट याच कामाला जातात, आणि लहान पाकिटांत हे प्रमाण कितीतरी वाढते. वाटेत हरवलेली पाकिटे पुन्हा पाठवली जातात आणि मोजणीच्या जागेनुसार ती दोनदा धरली जाऊ शकतात. त्याखेरीज, इंटरनेटवरच्या प्रत्येक पत्त्यावर अनोळखी यंत्रे सतत दार ठोठावत असतात. हा न मागितलेला प्रवाह फार मोठा नसतो, पण तोही आपल्याच खात्यावर पडतो. आपोआप सुरू होणाऱ्या जाहिराती आणि प्रणालीची अद्यतने यांचीही गोष्ट तशीच.

पडताळणीसाठी आपल्या राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, म्हणजे पुरवठादाराकडे जाणाऱ्या जोडणीचा, गणक (आल्या-गेल्या डेटाची मोजणी दाखवणारा आकडा) रोज नोंदवून ठेवावा. दोन बाबतींत सावध राहावे. राउटर बंद करून सुरू केला की पुष्कळ वेळा गणक शून्यावर येतो. दुसरे म्हणजे, जुन्या राउटरांत ३२ बिटांचा गणक असतो, तो सुमारे ४.३ जीबी झाले की पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि १०० एमबीपीएसच्या पूर्ण वेगाने हे सहा मिनिटांच्या आतच घडते. त्यामुळे ६४ बिटांचा गणक आहे याची खात्री करूनच नोंदी ठेवाव्यात, अन्यथा आपलाच पुरावा आपल्याविरुद्ध जाईल.

उत्तरायण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सूचना पुन्हा वाचली. कमी वापरासाठी बिल उतरणार असल्याचा त्यात कोठेही उल्लेख नाही, मूळ शुल्क आहे तेवढेच राहणार आहे. मितव्ययी, आपल्यासारख्या ग्राहकाला या योजनेतून काहीच मिळत नाही, म्हणून आपणही माझ्यासोबत लेखी हरकत नोंदवावी अशी विनंती करतो.

एक शंका राहिली. घरी वृद्ध आई-वडील असल्यामुळे आम्ही एक कॅमेरा बसवला आहे आणि त्याचे चित्रीकरण दिवसरात्र क्लाउडवर जात असते. सूचनेत फक्त 'वापर' असा शब्द आहे. आपल्याकडून बाहेर जाणारा डेटाही यात मोजला जातो का?

मितव्ययी

मूळ शुल्क कमी होत नसेल तर या योजनेला माझा पाठिंबा नाही. कमी वापराच्या स्वस्त योजनेची मागणी हरकतीत घातल्यास मीही अर्ज करीन. स्थिर खर्चातला वाटा उपयोगानुसार असावा, हे माझे मत मात्र कायम आहे.

काटेकोर

बहुतेक योजनांत येणारा आणि जाणारा दोन्ही डेटा धरतात, त्यामुळे उलट लेखी उत्तर मिळेपर्यंत तसेच समजून चालावे. कॅमेरा २ एमबीपीएसने अखंड पाठवत असेल, तर तेवढ्यानेच महिन्याला ६४८ जीबी होतील, म्हणजे १ टीबीच्या मर्यादेतील जवळजवळ दोन तृतीयांश. हालचाल झाली तरच चित्रीकरण पाठवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, आणि घरातल्याच मेमरी कार्डवर साठवण्याचीही. त्यांतली एक आजच सुरू करून ठेवावी. हरकतीच्या पत्रात मात्र हा कॅमेरा आवर्जून नमूद करावा. तो दिवसभर एका संथ लयीत पाठवतो, संध्याकाळच्या गर्दीत त्याचा भार २ एमबीपीएसच्या वर कधीच जात नाही, आणि तरीही प्रस्तावित योजनेत तो घरातला सर्वांत महागडा ग्राहक ठरणार आहे. तारयंत्र यांनी दिलेल्या दोन घरांच्या हिशोबाशेजारी हा आकडा ठेवून त्यावर पुरवठादाराचे लेखी स्पष्टीकरण मागावे, आणि त्याच पत्रात तासागणिक वापराची नोंद ग्राहकाला पाहता यावी अशीही मागणी करावी.